आहार, स्थूलता आणि विषाद

सात वर्षांपूर्वीची गोष्ट. उत्सवसमाप्तीच्या महाप्रसादाच्या पंगती चालू होत्या आणि मी जिलबी वाढीत होतो. आमच्या परिचयातील एक वहिनी तिसऱ्या ओळीत बसल्या होत्या. त्यांचा देह स्थूल. खाली बसताना व उठताना त्यांस त्रास होई. त्यांच्या पानाशी आलो तेव्हा माझ्या तोंडून सहज निघून गेले, ‘‘तुम्हांला एकच पुरे, वहिनी, प्रकृतीला जपा.’’ शब्द सौम्य होते आणि हेतूही, मला वाटते, वाईट नव्हता. शेजारची चार माणसे हसली. वहिनीही हसल्या. त्यानंतर मात्र त्या पंगतीस आल्या नाहीत. प्रसादाची वाटी मुलाच्या हाती मागवून घेत.

पुढे दीड-दोन वर्षांनी त्या मुलाकडूनच हकीकत कळली. पतीच्या निधनापासून वहिनी नैराश्याच्या विकारावर उपचार घेत होत्या. दिवसा अन्नाकडे पाहावेसे वाटत नसे. आणि रात्री घरातील सर्व निजल्यावर स्वयंपाकघरात दिवा न लावता डब्यातील शेव व फरसाण त्या खात बसत. सकाळी डबा रिकामा दिसला म्हणजे त्यांची त्यांनाच किळस येई, आणि ती किळस दडपण्यास रात्री पुन्हा डबाच. मुलाने हे सांगितले तेव्हा मला माझे ते एक वाक्य आठवले आणि अद्यापही आठवते.

प्रश्न केवळ माझ्या जिभेच्या चुकीचा असता, तर तो या पृष्ठांवर आणण्याचे कारण नव्हते. परंतु प्रत्येक कुटुंबात असे एखादे माणूस असते, आणि त्याला काय खावे हे सांगणारी दहा माणसे असतात. ती सर्व त्याचे हित चिंतितात. त्यांचे म्हणणे सर्वस्वी खोटे असते असेही नाही. कारण आहाराचा मनाशी संबंध आहे. मग ते सांगावे की न सांगावे? आणि सांगावयाचे तर कोणत्या अधिकाराने?

अन्नातून मन घडते, हा विचार आपल्याला नवा नाही. छांदोग्य उपनिषदात उद्दालक आरुणी आपल्या पुत्रास सांगतो की, भक्षिलेल्या अन्नाचा स्थूल भाग मल होतो, मध्यम भाग मांस होतो आणि सूक्ष्म भाग मन होतो. श्वेतकेतूला हे पटत नाही. तेव्हा पिता वाद घालीत बसत नाही. त्याला पंधरा दिवस उपाशी राहावयास लावतो, केवळ पाण्याची मुभा ठेवतो. सोळाव्या दिवशी वेद म्हणावयास सांगितले तर ज्ञानसंपन्न श्वेतकेतूला काही सुचत नाही. ‘आता जेव’ म्हणून पिता त्याला पाठवितो, आणि जेवून आल्यावर विचारलेले सर्व त्याला आठवते. ह्या कथेत पित्याने पुत्राला अन्नाचे महत्त्व सांगितले ते अन्न देऊन. ही गोष्ट ध्यानात ठेवावी. पुढे तिचा उपयोग होणार आहे.

चरकसंहितेकडे वळलो म्हणजे निराळाच सूर लागतो. सूत्रस्थानाच्या एकविसाव्या अध्यायात ज्यांची लोकांत निंदा होते अशा आठ प्रकारच्या देहांची गणना आहे: अति उंच, अति ठेंगणा, अति केसाळ, केसरहित, अति काळा, अति गोरा, अति स्थूल आणि अति कृश. त्यांतील शेवटच्या दोहोंचा विचार चरकाने विस्ताराने केला आहे. स्थूलतेची कारणे सांगताना जड, गोड व स्निग्ध अन्न, व्यायामाचा अभाव, दिवसाची झोप ही तर तो सांगतोच; शिवाय ‘बीजस्वभाव’ हेही एक कारण देतो. म्हणजे मातापित्यांकडून आलेला देहधर्म. माझ्या मते हा एक शब्द ह्या ग्रंथाच्या निष्पक्षपातीपणाची साक्ष देण्यास पुरेसा आहे. परंतु त्याच यादीत आणखी दोन कारणे आहेत: नित्य हर्ष आणि चिंतेचा अभाव. उपचारांतही जागरण व चिंतन ह्यांचा समावेश आहे. स्थूल माणूस म्हणजे सदा सुखी माणूस, ही समजूत इतकी जुनी आहे. पश्चिमेकडेही ती होती. 1976 साली इंग्लंडातील एका वैद्यकीय नियतकालिकात ‘आनंदी लठ्ठ’ माणसाविषयीचा लेख गंभीरपणे छापला गेला होता. आपल्या नाटकांतील व चित्रपटांतील लठ्ठ पात्र तर हसण्या-हसविण्यासाठीच रंगमंचावर येते.

प्रत्यक्ष पाहणीने ही समजूत टिकू दिली नाही. 2010 साली नेदरलंड्समधील संशोधकांनी पंधरा दीर्घकालीन पाहण्यांचे निष्कर्ष एकत्र केले. त्यांत अठ्ठावन्न हजारांहून अधिक माणसे होती. आरंभी जी माणसे स्थूल होती त्यांना पुढे नैराश्य जडण्याची शक्यता इतरांहून सुमारे 55 टक्के अधिक दिसली. आणि आरंभी जी नैराश्याने ग्रस्त होती, ती पुढे स्थूल होण्याची शक्यता सुमारे 58 टक्के अधिक. दोन्ही आकडे शेजारी ठेवून पाहावेत. हे दळण दोन्ही बाजूंनी फिरते. ‘खाल्ले म्हणून लठ्ठ झाली, लठ्ठ झाली म्हणून खिन्न झाली’ एवढा सरळ हिशेब आपण मांडतो. वहिनींच्या बाबतीत तो उलट होता, आणि मग पुन्हा सुलट झाला.

ह्यांत देहाची यंत्रणाही आहे. शरीरातील मेद हा निव्वळ साठविलेला माल नव्हे. तो रक्तात दाह उत्पन्न करणारी द्रव्ये सोडतो, आणि असा मंद दाह पुष्कळ खिन्न रुग्णांत आढळतो. खिन्नतेत झोप बिघडते. झोप बिघडली की भूक भलत्या वेळी व भलत्या पदार्थांची लागते. काही मनोविकारांवरील औषधांनीच वजन वाढते. तेव्हा औषध नियमाने घेणारे माणूस लठ्ठ झाले म्हणून आपण त्याला दोष देतो, हाही प्रकार घडतो. गोड वा तळलेले खाल्ल्याने क्षणभर बरे वाटते, हे तर सांगावयास नकोच. ते वाटणे खोटे नसते; फक्त ते टिकत नाही.

आता मुख्य मुद्दा. आहार बदलला तर खिन्नता उतरते काय? अनेक वर्षे ह्याचे उत्तर केवळ अनुमानाने देण्यात येई: चांगले खाणारी माणसे कमी खिन्न दिसतात, म्हणून चांगले खाल्ल्याने खिन्नता जाते. पण खिन्न माणसालाच चांगले रांधून खाण्याची उमेद नसते, हेही तितकेच खरे. ही गाठ सोडविण्याचा एक प्रयत्न ऑस्ट्रेलियात फेलिस जॅका आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला आणि 2017 साली तो प्रसिद्ध झाला. नैराश्याचे 67 रुग्ण. त्यांचे दोन गट पाडले. एका गटाला बारा आठवड्यांत आहारतज्ज्ञाच्या सात भेटी मिळाल्या. दुसऱ्या गटाला तितक्याच भेटी मिळाल्या, पण त्यांत आहाराविषयी अवाक्षर नाही. कोणीतरी येऊन आवडीच्या विषयांवर बोलत बसे वा पत्ते खेळे. पहिल्या गटाला सांगितलेला आहार असा: सालीसकट धान्ये, भाज्या, फळे, कडधान्ये, बिनसाखरेचे दूधदुभते, खारवल्यावाचूनचा सुका मेवा, मासे, थोडे मांस, ऑलिव्हचे तेल, आणि गोड, मैद्याचे, तळलेले व बाटलीतील सरबते ही कमी. बारा आठवड्यांनंतर पहिल्या गटातील सुमारे 32 टक्के रुग्णांची खिन्नता विकाराच्या पातळीखाली उतरली. दुसऱ्या गटातील 8 टक्क्यांची.

मला ह्या प्रयोगाने दोन ठिकाणी थांबविले. माझी समजूत अशी होती की, खिन्न माणसाला खरी गरज प्रेमाच्या चार शब्दांची; अन्नाचे निमित्त. पण येथे सोबत दोन्ही गटांना होती, आणि तरीही अन्नाने वेगळे काही केले असे दिसते. तेव्हा ‘आहाराचे काय घेऊन बसलात, माया करा’ असे म्हणून मोकळे होता येत नाही. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. ह्या आहारात वजन कमी करण्याचा हेतूच नव्हता. पोटभर खा, असेच सांगितले होते. वजने जवळजवळ होती तेथेच राहिली, आणि मने हलकी झाली. प्रयोग लहान होता आणि रुग्णांना आपण कोणत्या गटात आहोत हे ठाऊक होते, हे त्याचे दोष खरेच. त्यावर सर्व भार टाकणे युक्त नव्हे. तथापि काटा न हलताही मन हलू शकते, एवढे जरी त्यातून घेतले तरी आपल्या घराघरांतील पुष्कळ बोलणे निरर्थक ठरते. कारण आपले सर्व बोलणे काट्याविषयी असते.

गोळ्यांवर विसंबणाऱ्यांसाठी आणखी एक प्रयोग सांगितला पाहिजे. स्थूल अथवा स्थूलतेकडे झुकलेल्या, थोडी खिन्नता असलेल्या परंतु विकारापर्यंत न पोहोचलेल्या 1025 माणसांवर तो युरोपातील चार देशांत झाला. निष्कर्ष 2019 साली आले. काहींना माशांच्या तेलातील स्निग्धांश, सेलेनियम, फॉलिक आम्ल, ड जीवनसत्त्व व कॅल्शियम वर्षभर दिले, काहींना आहाराच्या सवयी सुधारण्याचे मार्गदर्शन, काहींना दोन्ही, काहींना दोन्ही नाही. नैराश्य टाळण्याच्या कामी ह्यांपैकी कशाचाही सिद्ध उपयोग दिसला नाही. अर्थात ज्याच्या शरीरात खरोखर उणीव आहे त्याची गोष्ट वेगळी. आपल्यासारख्या शाकाहारी कुटुंबांत ब-बारा जीवनसत्त्वाची उणीव वारंवार आढळते, आणि तिनेही मन खचते व थकवा येतो. देह भरलेला दिसतो म्हणून पोषण झाले असे नव्हे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक ह्यांनी 2004 साली आपले व आपल्या एका इंग्रज सहकाऱ्याचे उदाहरण छापले होते: उंची-वजनाचे प्रमाण दोघांचे तंतोतंत सारखे, 22.3, पण शरीरातील मेद इंग्रजाचा 9.1 टक्के आणि भारतीयाचा 21.2 टक्के. तेव्हा पंगतीत शेजारी बसलेल्या सडपातळ गृहस्थाने स्थूल बाईंकडे पाहून हसण्यापूर्वी आपलीही तपासणी करून घ्यावी हे बरे.

मग उपास करावा, असे कोणी म्हणेल. येथे श्वेतकेतू पुन्हा आठवतो, आणि त्याच्या जोडीला अमेरिकेतील छत्तीस तरुण. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, 1944-45 साली, मिनेसोटा विद्यापीठात ॲन्सेल कीझ ह्यांनी युद्धास नकार दिलेल्या ह्या निरोगी स्वयंसेवकांना चोवीस आठवडे अर्धपोटी ठेवले. त्यांचे वजन सुमारे चतुर्थांशाने उतरले. त्याहून मोठा पालट मनात झाला. ते खिन्न, चिडखोर व एकलकोंडे झाले. विनोद नाहीसा झाला. दिवसरात्र अन्नाचेच विचार, काहींनी तर पाककृतींची पुस्तके जमविण्याचा नाद लावून घेतला. पुढे अन्न खुले झाल्यावर काहींना पोट भरल्याचे कळेनासे झाले. हे स्थूल नव्हते, खिन्न नव्हते. केवळ अन्न तोडल्याने तसे झाले. ह्याचा अर्थ वजन उतरविणे वाईट असा नव्हे. वैद्यकीय देखरेखीखाली, बेताने केलेल्या प्रयत्नांत खिन्नता सरासरीने थोडी उतरलेलीच आढळते. पण घरच्यांच्या टोमण्यांनी चिडून केलेला कडकडीत उपास आणि देखरेखीखालील आहारनियमन ह्या एक गोष्टी नव्हेत. ज्याचे मन आधीच खचले आहे त्याने पहिला मार्ग धरू नये.

आणि आपले उपास तरी कसले? एकादशीस साबूदाण्याची खिचडी, तळलेले बटाटे, शेंगदाण्याचे लाडू. नेहमीच्या वरणभाताहून दुप्पट जड. उपासाच्या व्रताविषयी मला येथे बोलावयाचे नाही, त्याचे प्रयोजन वेगळे आहे. फक्त त्याला पथ्य म्हणू नये.

आता आपल्या घरांकडे पाहू. इंदुरास तीन-चार पिढ्या काढलेली आपण मंडळी. सकाळी पोहे-जिलबी, दुपारी वरणभातावरसुद्धा शेव, आणि पाहुणा आला की रात्री त्याला सराफ्यात नेल्यावाचून आपले आतिथ्य पुरे होत नाही. ह्यांत मला पाप दिसत नाही. परंतु आपण आग्रह करकरून वाढतो, नको म्हटले तर राग धरतो, आणि तेच खाऊन माणूस जाड झाला की त्याला संयमाचा उपदेश करतो. वाढणाऱ्याचे पुण्य आणि खाणाऱ्याचा दोष, अशी ही वाटणी. तीत घरातील गृहिणीची स्थिती सर्वांत अवघड. सर्वांचे झाल्यावर ती बसते; पातेल्यात उरलेली भाजी, मुलाने टाकलेली अर्धी पोळी, कालचा भात, ‘अन्न वाया जाऊ नये’ म्हणून तिच्या पोटात जाते. अन्नाची निंदा करू नये असे आपल्याला शिकविले आहे आणि ते शिकवणे ती पाळते. अन्न वाचते, निंदा मात्र तिच्या वाट्याला येते.

तर मग जबाबदारी कोणाचीच नाही काय? असे मी म्हणत नाही. स्थूल व खिन्न माणसाला ‘तुझ्या हाती काहीच नाही, बीजस्वभाव आहे, दाह आहे, औषधे आहेत’ असे सांगणे ही दया दिसली तरी तो एक प्रकारचा अपमानच आहे. वर सांगितलेल्या प्रयोगातील रुग्णांनीच भाजी चिरली, कडधान्ये भिजत घातली, बाटलीतील सरबत सोडले. त्यांनी काहीतरी केले म्हणून काहीतरी झाले. माझे म्हणणे इतकेच की, जबाबदारी घेण्यास जे बळ लागते तेच खिन्नतेने हरपलेले असते, आणि निंदा उरलेले बळही नेते. पाय मोडलेल्यास चालण्याचे महत्त्व सांगणे खोटे नसते. त्या वेळी ते निरुपयोगी असते. पानात किती घ्यावे हा जेवणाऱ्याचा प्रश्न. पण घरात काय शिजावे, डब्यात काय भरून ठेवावे, कोण कोणाबरोबर जेवावे, हे प्रश्न घराचे आहेत. उद्दालकाने पुत्रास व्याख्यान दिले नाही, जेवावयास पाठविले.

वहिनींच्या घरी पुढे जे झाले ते ह्याच मार्गाने. उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी औषध बदलले. रक्त तपासले, त्यात ब-बारा पुष्कळ उणे निघाले, ते भरून काढले. सुनेने शेवेचा डबा लपविला नाही, फक्त मोठा आणणे बंद केले. आणि रात्रीचे जेवण सर्वांचे एकत्र, साडेसातला, असा नेम धरला. ज्वारीची भाकरी, मुगाची वा मटकीची उसळ, पालेभाजी, ताक. मुद्दाम पथ्याचे म्हणून वेगळे काही नाही, जे वहिनींना तेच नातवंडांना. सूनबाई म्हणाल्या, ‘‘सासूबाईंना म्हणून वेगळे केले असते तर त्यांनी ते ताट सरकवून दिले असते.’’ वजनाचा काटा घरात होता तो त्यांनी माळ्यावर टाकला. वजन किती उतरले हे मी विचारले नाही. रात्रीचे उठणे कमी झाले आहे, पूर्ण थांबलेले नाही, असे मुलगा सांगतो. सारे काही भाकरीने झाले असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. औषध, वेळ, सून आणि भाकरी ह्यांपैकी कोणाचा वाटा किती, हे निराळे काढता यावयाचे नाही.

ज्या घरांत अशी खिन्नता दोन आठवड्यांहून अधिक टिकली असेल, झोप व भूक उलटीपालटी झाली असेल, जगणे नकोसे वाटत असल्याचे शब्द ऐकू येत असतील, त्यांनी आहाराच्या विचारात दिवस घालवू नयेत, डॉक्टरांकडे जावे. भारत सरकारने 2022 साली सुरू केलेली टेलिमानस ही सेवा 14416 ह्या क्रमांकावर विनामूल्य मिळते व तीवर मराठीतही बोलता येते. ही माहिती पुष्कळांना नसते म्हणून येथे देऊन ठेवली.

गेल्या वर्षीच्या उत्सवात वहिनी पुन्हा पंगतीस आल्या. आता वयस्कांसाठी भिंतीकडेने टेबल-खुर्च्या मांडतो, तेथे त्या आपल्या धाकट्या नातीशेजारी बसल्या होत्या. वाढप्यांत मी होतोच, आणि योगायोग असा की हाती जिलबीचेच ताट. ‘‘किती वाढू?’’ एवढेच मी विचारले. त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिले आणि म्हणाल्या, ‘‘दोन.’’ मी दोन वाढल्या, नातीला विचारून तिला एक वाढली, आणि पुढच्या पानाकडे वळलो.